घरातला वेग जातो कुठे?

मागच्या महिन्यात दिग्रसहून खालाचा फोन आला. नातीचा ऑनलाइन तास सुरू असताना सरांचा आवाज तुटत होता, मग चित्रही थांबलं. पोरगी बारावीला, रडकुंडीला आलेली. बोलणी बसली धाकट्या नातवाला, कारण तो मोबाइलवर क्रिकेट बघत होता. त्याने मोबाइल बंद केला, तरी फरक पडेना. "चाळीसचं कनेक्शन आहे बेटा, मग कमी कशाचं पडतं?" खालाचा प्रश्न.

रविवारी यवतमाळहून गेलो. राउटरला वायरने लॅपटॉप जोडला, बाकी सगळं बंद केलं आणि वेग मोजला. ४ एमबीपीएस. मगरिबनंतर पुन्हा ४, इशानंतरही ४. दुसऱ्या दिवशी फजरनंतर मोजला, तरी ४च. इतका ठरावीक आकडा आला की समजावं, वेग कुणीतरी मुद्दाम बांधून ठेवला आहे.

हे बांधणं होतं ऑपरेटरकडे. आपला राउटर सुरू झाला की तो आपलं यूजरनेम आणि पासवर्ड तिकडे पाठवतो. तिथला सर्व्हर खातं तपासतो आणि मोठ्या राउटरला सांगतो, या ग्राहकाला एवढा वेग द्या, ठरलेला डेटा संपला की एवढ्यावर आणा. नियम प्रत्येक ग्राहकाला त्याच्या प्लॅनप्रमाणे वेगळा लागतो. त्याहून जास्त डेटा आला तर काही तुकडे रांगेत थांबतात, काही टाकून दिले जातात. सिनेमा थोडा पुढचा भरून ठेवतो, म्हणून तो तग धरतो. थेट तासात तेवढी सवड नसते, म्हणून आधी आवाज तुटतो.

खालाच्या प्लॅनमध्ये महिन्याला ४०० जीबी होते आणि ते १९ तारखेलाच संपले होते. खाणारा निघाला दारावरचा नवा कॅमेरा! तो रात्रंदिवस चित्रण इंटरनेटवर चढवत होता. २ एमबीपीएसने सतत चढवलं तर दिवसाला साधारण २१ जीबी होतात, म्हणजे १९ दिवसांत ४०० पार. डेटा संपत आल्याचे संदेश येत होते, पण खालूंच्या जुन्या नंबरवर, आणि तो मोबाइल कपाटात बंद पडलेला.

तुमच्या घरीही असंच तीन वेळा मोजून बघा. सकाळ, दुपार, रात्र एकच कमी आकडा आला तर प्लॅन आणि उरलेला डेटा तपासा. सकाळी बरा आणि रात्री ढेपाळत असेल, तर बहुधा ऑपरेटरच्या लाइनवर गर्दी आहे. वायरवर चांगला आणि वाय-फायवर वाईट, तर दोष घरातला. राउटर लोखंडी कपाटामागे ठेवला आहे का, ते आधी बघा. आणखी एक, ४० एमबीपीएसवर फाइल सेकंदाला ५ एमबीच उतरते, कारण ८ बिटांचा एक बाइट. ती फसवणूक नव्हे.

घरातली वाटणीही आपल्याला ठरवता येते. राउटरच्या सेटिंगमध्ये 'बँडविड्थ कंट्रोल' किंवा 'क्यूओएस' असतं. तिथे एकूण वेग मिळणाऱ्या वेगापेक्षा थोडा कमी लिहावा, ४० असेल तर ३६. अपलोडचंही तसंच. मग रांग ऑपरेटरच्या दारात न लागता आपल्या दारात लागते आणि पुढे कुणी जायचं हे आपण सांगू शकतो. अभ्यासाचा लॅपटॉप पहिला, टीव्ही नंतर. काही राउटरमध्ये ही सोय नसते किंवा ऑपरेटरने बंद ठेवलेली असते. तेव्हा लाइनमनलाच विचारा.

खालाकडे कॅमेऱ्याचं चित्रण मेमरी कार्डवर घेतलं आणि एकूण वेग साडेतीन लिहून नातीचा लॅपटॉप पुढे ठेवला. महिनाअखेरपर्यंत तिचे तास त्या चारमध्येच नीट चालले. नवा महिना लागूनही वेग परतला नाही, तेव्हा राउटर बंद करून पुन्हा लावला. जोडणी नव्याने झाली आणि नवा नियम लागला.

डेटा संपल्यावर वेग किती राहील, हे प्लॅन घेतानाच विचारून घ्या. जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला ब्रॉडबँड म्हणता येत नाही. तक्रार केली तर तिचा क्रमांक लिहून घ्या. दाद मिळाली नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. आणि खात्यावरचा मोबाइल नंबर चालू आहे ना, हे आजच बघा.

निघताना खालाने नातवाला हाक मारली. "तुला उगाच बोलले रे," म्हणाली. पोरगं हसलं आणि विचारतं कसं, "मग आता मॅच बघू?"

"आपाचा तास संपल्यावर," खाला म्हणाली.