६ गिगाहर्ट्झ खुला झाला, पण माळवदाच्या भिंतीचं काय?

जानेवारी २०२६ मध्ये दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा वायफायसाठी विनापरवाना खुला केला. मसुदा मे २०२५ मध्येच आला होता. आता ‘वायफाय ७’, ‘ट्राय-बँड मेश’ असली खोकी दुकानांत पुढे मांडली जाणार आणि घरचं नेट रडत असलेल्या प्रत्येकाला वाटणार, हेच घ्यावं.

माझ्या मामांना तसंच वाटलं. मोहोळहून त्यांचा फोन आला, “पंचवीस हजारांचा सेट सांगतोय दुकानदार. घेऊ का? पैसे गेले तर जाऊ देत, पण पोरीची नोकरी राहिली पाहिजे.”

माझी मामेबहीण, म्हणजे ताई, पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. दिवसभर ग्राहकांशी व्हिडिओ कॉल. कॉल मध्येच गोठायचा, आवाज तुटायचा. वरिष्ठांनी सांगून टाकलं होतं, महिनाअखेरपर्यंत नेट सुधारलं नाही तर पुण्याला येऊन काम कर. पुण्यात खोली भाड्याने घेतली की त्या पगारातलं उरतं काय, हा हिशेब घरात सगळ्यांना पाठ होता. मामांना म्हटलं, थांबा, आधी बघू तरी. शनिवारी मोहोळला उतरलो.

घर असं आहे: पुढचा भाग जुना माळवदाचा, दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती. मागे स्लॅबच्या दोन खोल्या आणि त्यावर पत्र्याची एक खोली. फायबरचा डबा पुढच्या सोप्यात. मेशचे दोन नोड, एक डब्याशेजारी आणि दुसरा थेट वर, ताईच्या टेबलावर. प्लॅन १०० एमबीपीएसचा.

मुख्य नोडशेजारी बसून स्पीड टेस्ट केली: ९४. वर गेलो: १८, पुन्हा केली तर ७. पण नुसत्या स्पीडवरून दोष कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी पिंग बघायचा. मोबाईलवर पिंग दाखवणारं कुठलंही मोफत ॲप घ्या. वायफाय सेटिंगमध्ये ‘गेटवे’ म्हणून जो आकडा दिसतो, तो म्हणजे तुमच्याच घरातला राउटर. त्याला दोन मिनिटं पिंग करा. मग ८.८.८.८ ला करा, तो घराबाहेरचा पत्ता. गेटवेचा पिंग स्थिर आणि बाहेरचा उड्या मारतोय, तर दोष लाइनचा किंवा त्यापुढचा. गेटवेचाच पिंग उड्या मारतोय, तर दोष घरातला. ताईच्या टेबलावर घरातल्याच राउटरचा पिंग ४ मिलिसेकंदांवरून ३०० वर जात होता!

म्हणजे गेले दोन महिने मामा कंपनीला तक्रारी करत होते, त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला, आणि लाइन ठणठणीत होती. ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम लागू आहेत, ते कंपनीच्या सेवेला. सोप्यापासून पत्र्याच्या खोलीपर्यंत काय होतं, ते त्यांच्या कक्षेत येत नाही. तिथले इंजिनिअर आपणच.

आता मूळ घोळ. मेशचा दुसरा नोड स्वतः नेट बनवत नाही, पहिल्याकडून घेऊन पुढे देतो. विहिरीचं पाणी टाकीपर्यंत चढत नाही म्हणून कोणी टाकीपाशी मोटर बसवत नाही. पण नोड मात्र आपण जिथे रेंज नाही नेमका तिथेच ठेवतो. टेबलावर नोड असल्यामुळे ताईच्या लॅपटॉपवर वायफायच्या सगळ्या कांड्या फुल दिसायच्या. त्या कांड्या लॅपटॉप ते नोड एवढ्याच अंतराच्या. नोड ते सोपा या वाटेवर दोन भिंती आणि एक स्लॅब, ते कुठे दिसणार?

नोड खाली आणून जिन्याच्या तोंडाशी ठेवला. स्पीड ४० वर गेला, पिंग बराच शांत झाला. तरीही अर्ध्याच्या आतच, कारण हा ड्युअल-बँड सेट आहे. मधला नोड एकाच ५ गिगाहर्ट्झ रेडिओने पुढच्या नोडशीही बोलतो आणि लॅपटॉपशीही. प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते, त्यामुळे वेग अर्धा होणारच.

अजून एक गोष्ट सापडली. कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफायही चालू होतं, मेशच्याच शेजारी, त्याच चॅनेलवर. दोघं दिवसभर एकमेकांच्या बोलण्यात बोलत होते. डब्याचं वायफाय बंद केलं. तुमच्याकडे मेश असेल तर हे आधी तपासा, फुकटचा उपाय आहे.

मग रडार. हो, रडारच! ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल वायफाय आणि रडार यांच्यात वाटून आहेत. हवामानाची सी-बँड रडारं साधारण ५.६ गिगाहर्ट्झवर चालतात. आपल्या सोलापुरातच २०१८-१९ च्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगात पुण्याच्या आयआयटीएमने असं रडार वापरलं होतं. या चॅनेलवर रडारची चाहूल लागली, किंवा नुसता भास झाला, तरी बरेच राउटर चॅनेल सोडतात आणि नवा चॅनेल तपासेपर्यंत मिनिटभर गप्प बसतात. आमच्या घरचा दोष मी रडारवर ढकलत नाहीये. पण तुमचं नेट पूर्ण मिनिटभर जाऊन आपोआप येत असेल, तर ३६ ते ४८ मधला चॅनेल लावून बघा. काही मेश ॲप चॅनेल निवडूच देत नाहीत. घेण्याआधी हे दुकानदाराला विचारा.

मग खरा इलाज केला: वायर. बाहेर टिकणारी कॅट-६ केबल, ३० मीटर, सोप्यातून थेट वरच्या खोलीपर्यंत. केबल, दोन टोकांचे कनेक्टर आणि मजुरी मिळून बाराशे रुपये. केबल शुद्ध तांब्याचीच मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते पण वाकवली की लवकर तुटते. आतली एक जोडी जरी निकामी झाली तरी जोडणी १ गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर घसरते आणि कळतही नाही. भिंतीला भोक पाडायला मामी अजिबात तयार नव्हत्या, म्हणून केबल खिडकीच्या चौकटीतून काढली. नोड पुन्हा ताईच्या टेबलावर, पण आता वायरने जोडलेला. स्पीड ९१. गेटवेचा पिंग २-३ मिलिसेकंद, हलत नाही.

मग मामांचे पंचवीस हजार? अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ६ गिगाहर्ट्झचा १२०० मेगाहर्ट्झ रुंद पट्टा खुला केला, आपण ५००. त्यात १६० मेगाहर्ट्झचे तीन चॅनेल बसतात आणि वायफाय ७ ज्या ३२० च्या चॅनेलची जाहिरात करतं तो एकच. पुण्यातल्या एखाद्या इमारतीत, जिथे वायफायच्या यादीत शेजाऱ्यांची तीस नावं दिसतात, तिथे ही मोकळी जागा मोलाची आहे, तिथे मी घ्या म्हणेन. त्यातही तुमच्या फोनमध्ये ६ गिगाहर्ट्झ आहे का आणि भारतासाठी ते चालू केलंय का, हे पाहूनच. मोहोळच्या या घराभोवती मला शेजाऱ्यांची वायफाय दिसली चार. इथे अडचण गर्दीची नाही, भिंतीची आहे. आणि लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितकी त्या भिंतीत जास्त जिरतात. २.४ कशीबशी पार होते, ५ धापा टाकते, ६ ची गत त्याहून वाईट. नियमाप्रमाणे घरातल्या राउटरची ताकदही मर्यादित, म्हणजे जोर लावून पलीकडे जाण्याची सोय नाही.

एक काम मात्र मी विसरलो होतो. मंगळवारी लाइट गेली. सोप्यातला डबा आणि मुख्य नोड इन्व्हर्टरवर होते, वरचा नोड नव्हता. ताईचा कॉल तुटला, मला लगेच फोन, “तुझी वायर काय कामाची रे?” चूक माझीच. आता वरच्या नोडला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय. कालच्या भारनियमनात तिचा चाळीस मिनिटांचा कॉल सलग चालला, आणि मामांनी दुकानदाराला नको म्हणून कळवलं.