वादळ येते तेव्हा पासपोर्ट कुणाच्या कपाटात असतो?

सप्टेंबर २०२१ च्या शेवटी मराठवाड्यात झालेला पाऊस आपण कुणी विसरलेलो नाही. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. तो पाऊस 'गुलाब' चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी आणला होता. पण गुलाब इथे संपले नाही. ते गुजरातकडून अरबी समुद्रात उतरले, गरम पाण्यावर त्याने पुन्हा जोर धरला, 'शाहीन' हे नवे नाव घेतले आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर धडकले. ज्याने गावाकडचे शेत बुडवले, तेच वादळ पाच दिवसांत आखातात गेलेल्या पोराच्या दारात उभे राहिले.

खाबुरा भागात एका दिवसात ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. मस्कतजवळच्या रुसैल औद्योगिक भागात राहत्या जागेवर दरड कोसळून दोन कामगार गेले. पहिल्या बातम्यांत त्यांची ओळख 'आशियाई' एवढीच होती. त्याआधी जून २००७ मध्ये 'गोनू'ने ओमानात पन्नासच्या आसपास बळी घेतले होते. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचे महिने आहेत, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावे.

तिथले सरकार झोपलेले नव्हते. शाहीनच्या वेळी दोन दिवस सुटी जाहीर झाली, निवारे उघडले, इशारे दिले गेले. प्रश्न वेगळाच आहे. 'घरी सुरक्षित थांबा' असे सांगतात, तेव्हा ते कुणाचे घर? डोंगराच्या पायथ्याला पत्र्याच्या खोलीत आठ जण झोपतात, ते घर म्हणायचे का? आणि तिथून निघायचे तर मुकादमाची परवानगी लागते, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतो. आमचे स्पष्ट मत आहे : परदेशी कामगाराची सुरक्षितता वारा सुटल्यावर नाही, इथे करारावर सही करतानाच ठरते.

म्हणून एजंटाला पगाराच्या आधी विचारा, राहायची जागा कुठे आहे? डोंगराखाली, समुद्रालगत की 'वादी'त? वादी म्हणजे तिथला कोरडा ओढा. वर्षभर त्यात धूळ उडते आणि डोंगरात पाऊस पडला की काही मिनिटांत तो भरून वाहतो. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे. तो अडकवून ठेवण्याचा हक्क मालकाला ओमानच्या नियमांनीही नाही. तरीही ठेवून घेतलाच, तर पासपोर्ट, व्हिसा आणि कराराचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये आणि घरी दोन्हीकडे हवेत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' शिक्का असतो. त्यांना ओमानला कामाला जाताना प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो, अपघाती मृत्यूला त्यात १० लाखांचे संरक्षण आहे. टुरिस्ट व्हिसावर पाठवणारा एजंट हाच विमा बुडवतो. विहारात निरोपाचा सत्कार जरूर करावा, पण हारासोबत ही कागदपत्रेही एकदा सगळ्यांनी बघावीत.

इशारा आला की पिण्याचे पाणी भरून ठेवा, मोबाइल चार्ज करा, रोजच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसह प्लास्टिकच्या पिशवीत घाला. खोली ओढ्यात किंवा दरडीखाली असेल तर सांगण्याची वाट न पाहता साथीदारांसह निवाऱ्यात जा. वाहते पाणी ओलांडू नका, मुकादम गाडी घाल म्हणाला तरी नाही. गुडघाभर पाण्यात माणूस पडतो, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. मध्येच वारा एकदम थांबला तर बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असतो, थोड्या वेळाने वारा उलट दिशेने येतो. मदतीसाठी तिथे ९९९९ हा पोलिसांचा क्रमांक आहे.

वादळ गेल्यावरचा आठवडा आम्हा नर्सेसना जास्त भीतीचा वाटतो. वीज गेलेली, एसी बंद, बाहेर चाळीस अंश, आणि माणसे चिखल उपसायला जुंपलेली. उष्माघात इथे होतो. दर अर्ध्या तासाला पाणी, सावलीत विश्रांती. बडबड सुरू झाली किंवा शुद्ध हरपू लागली तर अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. पाय कापला तर साबणाने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. जनरेटर खोलीत किंवा खिडकीखाली कधीच लावू नका. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, झोपेतच माणूस जातो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रीज बंद पडला म्हणून ते फेकू नये. सावलीत, थंड जागी ठेवावे, उन्हात किंवा गाडीत नको.

घरकामाला गेलेल्या बहिणींचे आणखी अवघड. मालकिणीच्या फोनशिवाय त्यांच्याकडे काही नसते. जाताना दूतावासाचा क्रमांक त्यांनी वहीत लिहून न्यावा, पाठ करावा.

आणि घरच्यांसाठी एक. वादळाच्या रात्री सगळ्या नातेवाइकांनी फोन लावत बसू नये. त्यात त्याची बॅटरी संपते. घरातले एकच माणूस आधी ठरवावे, त्याला त्याने दिवसातून दोनदा एसएमएस करावा, बाकीच्यांनी त्या माणसाला विचारावे.