कोंडाणे म्हणजे नुसता धबधबा नव्हे

पावसाळा लागला की आमच्या डोंबिवलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जाहिराती पडू लागतात : ‘कोंडाणे वॉटरफॉल ट्रेक, नाश्ता-जेवणासह’. तिथल्या बौद्ध लेण्यांचा उल्लेख असलाच तर फोटोच्या कोपऱ्यात. मी स्वतः पोरांना डोंगरात नेतो, म्हणून हे जरा जास्तच खुपतं.

कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत रिक्षा, पुढे रानातली चढण, आणि राजमाची किल्ल्याच्या पोटात एकदम समोर येतो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा चैत्य. कड्यावरून पाणी कोसळतं ते अगदी त्याच्या तोंडाशी. सगळे भिजायला धावतात. डाव्या हाताला भंगलेल्या मोठ्या मूर्तीचा चेहरा उरलाय. त्याच्याजवळ ब्राह्मीतली एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच ती सांगते. राजा नाही, सावकार नाही, बिरुदं नाहीत. तिच्याच खाली मी सॅकांचा ढीग रचलेला पाहिलाय.

शेजारच्या विहारात छताला दगडी तुळया कोरल्यात, लाकूडकामाची हुबेहूब नक्कल. त्या कसलाच भार पेलत नाहीत. भोवती भिक्खूंच्या छोट्या खोल्या. वर्षावासात भिक्खूंची भटकंती बंद असे, पावसाळ्याचे तीन महिने ते एका जागी राहत. आपण नेमके त्याच महिन्यांत तिथे ब्लूटूथ स्पीकर घेऊन पोचतो!

या पावसाळी ट्रेकवर सरसकट बंदी घाला, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं. मला ते पटत नाही. रविवारी पिठलं-भाकरी करून चार पैसे मिळवणाऱ्या गावातल्या घरांनी काय घोडं मारलंय? जबाबदारी आयोजकाची आहे. माणशी पैसे घेऊन बसभर माणसं आणणाऱ्याला बलकाची ओळ दाखवता आली पाहिजे, ती कुठे आहे हे तरी ठाऊक पाहिजे. स्पीकर गावातच ठेवायला लावावा. वीसेक जणांच्या वर नेऊ नये, आणि विहारात अर्धा तास बसवावं. चैत्यातल्या खांबांचे खालचे भाग केव्हाच झडून गेलेत. उरलेल्यावर चढून फोटो काढणाऱ्याला तिथल्या तिथे खाली उतरवावं.

खरं तर डिसेंबरात जावं. वाट कोरडी असते, गर्दी नसते, कोरीवकाम नीट दिसतं. ज्यांना फक्त भिजायचंय त्यांच्यासाठी कर्जतच्या आसपास धबधब्यांना तोटा नाही, आणि तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचं काही फुटण्याची भीतीही नाही.