खड्डा कुणाच्या हद्दीत, त्यावर भरपाईचा हिशेब

पाऊस ओसरला की गॅरेजमध्ये गाड्यांची रांग लागते. कुणाचं रिम वाकलेलं, कुणाचा शॉकअब्सॉर्बर गेलेला, कुणाचा टायर फुटलेला. बिल भरायचं, महापालिकेच्या नावानं दोन शब्द बोलायचे आणि गाडी घेऊन घरी जायचं. या बिलाची भरपाई मागता येते, हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या १३ ऑक्टोबर २०२५ च्या निकालानं हा विषय चर्चेत आणला. खड्ड्यामुळं मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना दुखापतीप्रमाणं ५० हजार ते अडीच लाख. दावा तपासायला समिती, पैसे सहा ते आठ आठवड्यांत, उशीर झाला तर ९ टक्के व्याज आणि वसुली दोषी अधिकारी व कंत्राटदाराकडून. निकाल दमदार आहे. पण सीमाभागातल्या वाचकानं त्यातल्या दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट, हे दर माणसाच्या जिवाचे आणि दुखापतीचे आहेत. गाडीच्या नुकसानीचा दर त्यात नाही. दुसरी, हा आदेश महाराष्ट्रातल्या यंत्रणांना आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर कागल ओलांडून गाडी निपाणीकडं आली की न्यायालय बदलतं. खड्डा तसाच असतो, पण ही समिती आणि ही मुदत मागं राहते.

मग या बाजूला काहीच नाही का? तसं नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानं जुलै २०१९ मध्येच बंगळूरच्या खड्ड्यांवरच्या जनहित याचिकेत सांगितलं होतं, की चांगल्या स्थितीतला रस्ता हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि खड्ड्यामुळं नुकसान झालं तर नागरिक भरपाई मागू शकतो. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते अभय ओक. त्याआधी मुंबईत असताना खड्ड्यांच्याच याचिकेत हेच तत्त्व त्यांनी मांडलं होतं. म्हणजे दोन्ही राज्यांत तत्त्व एकच आहे. फरक इतकाच, की महाराष्ट्रात आता दर आणि मुदत ठरली, इथं प्रत्येकानं आपलं नुकसान आपणच सिद्ध करायचं.

त्यासाठी आधी रस्ता कुणाचा हे शोधावं लागतं. बेळगावात काही रस्ते महापालिकेचे, काही कॅन्टोन्मेंट बोर्डाचे, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे, तर महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडं. चुकीच्या दारात अर्ज गेला की 'आमचा रस्ता नाही' हे उत्तर ठरलेलं. माहिती अधिकारात दहा रुपयांत हे विचारता येतं. रस्ता कुणी केला, कंत्राटदाराची देखभालीची मुदत कधी संपते, आधी तक्रारी आल्या होत्या का, हेही विचारावं. मात्र कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत, हा नियम ध्यानात ठेवायचा.

पुरावा त्याच दिवशी गोळा करायचा. ठिकाण ओळखू येईल असा खड्ड्याचा फोटो, गाडीचा फोटो, साक्षीदाराचा नंबर, गॅरेजचं पक्कं बिल. कुणाला लागलं असेल तर दवाखान्याचे कागद आणि पोलिसांतली नोंद. मग लेखी मागणी आणि तिची पोच. पुढं कोर्टात जायचं झालं तर सरकारी खात्याला दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते; महापालिकेलाही आधी नोटीस लागते. तिची आणि दाव्याची मुदत वकिलाकडून सुरुवातीलाच विचारून घ्यावी.

अर्ज कुठल्या भाषेत? राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं, की गाऱ्हाणं देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मराठी अर्ज हा हक्कच आहे. सोबत कन्नड प्रत जोडली तर टेबलावरून परत यायचं निमित्तही उरत नाही.

विमा असला तरी प्रश्न सुटतोच असं नाही. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत स्वतःच्या गाडीचं नुकसान धरतच नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसीतही एकटा टायर गेला तर साधारणपणे काही मिळत नाही, आणि दावा केला की पुढच्या वर्षीची नो क्लेम बोनसची सूट जाते. चार हजारांच्या बिलासाठी कुणी विम्याकडं जात नाही, तसंच कुणी महापालिकेकडंही जात नाही.

खरी अडचण इथंच आहे. वकिलाची फी बिलापेक्षा जास्त होते, म्हणून लोक गप्प बसतात. पण निष्काळजीपणा सिद्ध करताना सगळ्यात जड जाणारा प्रश्न असतो, 'खड्डा आहे हे यंत्रणेला माहीत होतं का?' त्याचं उत्तर आधीच्या अर्जांच्या पोचपावतीत असतं. आज रिम वाकलेल्यानं तारखेसह अर्ज दिला आणि महिन्यानं त्याच खड्ड्यात कुणाचा पाय मोडला, तर 'आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं' असं म्हणायची सोय राहत नाही. चार हजार मिळतील न मिळतील, पण तो कागद पुढच्या माणसाच्या कामी येतो. असे शंभर अर्ज आवक विभागात पडले, तर इथल्या खड्ड्यांनाही दर आणि मुदत ठरवून द्या, अशी मागणी घेऊन धारवाड खंडपीठापुढं जायला हातात काहीतरी असेल.