व्यायामशाळेतील शेजारधर्म

इंदूरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने एकसष्टाव्या वर्षी व्यायामशाळेत नाव घातले, तेव्हा घरातल्या सर्वांनाच गंमत वाटली. हाडे विरळ होऊ लागली आहेत, तेव्हा चालण्याच्या जोडीला थोडे वजन उचलण्याचा व्यायामही हवा, असे डॉक्टरांनी तिला बजावले होते. त्यांचे सांगणे काही जगावेगळे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला आहे, आणि त्यातून वृद्धांना वगळलेले नाही. ताई आठवडाभर नेमाने गेली. मग एके दिवशी पहाटे पोचते तो काय, तिच्या नेहमीच्या बाकावरील रॉडला दोन्ही बाजूंनी वीस-वीस किलोच्या प्लेटा तशाच चढवलेल्या! मदतनीस अजून यायचा होता. ताईने एक प्लेट ओढून पाहिली, ती हलेना. दहा मिनिटे बसून ती घरी परतली आणि पुढे चार दिवस गेलीच नाही.

हे तिने मला फोनवर सांगितले, तेव्हा ‘काय ही हल्लीची मुले!’ असे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी गप्प राहिलो. कारण आदल्याच संध्याकाळी पुण्यात मी स्वतः रॉड तसाच भरलेला टाकून घाईने घरी आलो होतो. माझ्यामागून कोण येणार, हा विचारही मनाला शिवला नव्हता.

वास्तविक मला हे न कळायला काही कारण नाही. माझे लहानपण कोल्हापुरातल्या तालमीत गेले. हौद्यातील तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळायची, रोज उकरायची, आणि हे काम मुलांनीच पाळीपाळीने करायचे, असा तेथील शिरस्ता होता. मुद्गल फिरवून झाले की भिंतीशी आपल्या जागी उभे राहत. वस्ताद ही गोष्ट एकदाच सांगत. (दुसऱ्यांदा सांगण्याची त्यांची पद्धत येथे न लिहिलेली बरी.) आता महिन्याची फी भरली की उचलायचे आपण आणि ठेवायचे दुसऱ्याने, अशी वाटणी आपण मनाशी केव्हा करून टाकली, कोण जाणे.

प्लेटा उतरविण्यातही थोडी जाण हवी. स्टँडवर टेकलेल्या रॉडची एक बाजू पार मोकळी केली आणि दुसरीवर भार तसाच राहिला, तर तो तराजूसारखा उलटतो आणि शेजारच्याच्या अंगावर जातो. म्हणून एक इकडची, एक तिकडची अशा क्रमाने त्या काढाव्यात.

खरी परीक्षा असते ती संध्याकाळच्या गर्दीत. जड वजनाचा एक सेट अर्ध्या मिनिटात संपतो. पुढच्या सेटपूर्वी दोन-तीन मिनिटे विसावा लागतो. तीन मिनिटे धरून पाच सेटांचा हिशेब मांडला, तर अडीच मिनिटे रॉड हातात आणि बारा मिनिटे रिकामा! हा विसावा आळस नव्हे, तो व्यायामाचाच भाग आहे. पण तो बाकावर पाय पसरून, मोबाईल चाळीतच घ्यावा असे कोठे आहे? बाजूला उभे राहूनही श्वास परत येतो. तेवढ्यात दुसऱ्याचा सेट सहज होतो. “आपले किती सेट राहिले? मध्ये मी एक करू का?” एवढे विचारले की बहुधा काम भागते. नंतर आलेल्याने वजन बदलावे आणि आपले झाले की पहिल्याचे वजन पुन्हा लावून द्यावे, घाम टिपून बाक मोकळा करावा. मात्र एकाला शंभर किलो हवे नि दुसऱ्याला तीस, तर चढवण्या-उतरवण्यातच दोघांचा दम जाईल. अशा वेळी “दहा मिनिटांत मोकळा करून देतो” असे सांगणे आणि खरोखरच दहा मिनिटांत उठणे, हेच सौजन्य.

भारोत्तोलनाच्या मोठ्या स्पर्धांतही गटातील साऱ्यांना मिळून रॉड एकच असतो. कमी वजन मागणारा आधी उचलतो, अधिक मागणारा थांबतो. टोकियोला २०२१ साली ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविणाऱ्या मीराबाई चानूंनाही आपल्या वजनापर्यंत रॉड चढेतो थांबावेच लागले. तेथे प्लेटा चढवायला माणसे नेमलेली असतात, एवढाच काय तो फरक.

कोणी वजन उचलीत असता त्याच्या पुढून जाऊ नये, त्याच्याशी बोलू नये आणि रॉड अंगावर येत नसेल तर न विचारता हात लावू नये. उपदेशाचेही तसेच. विशेषतः स्त्रियांना तो न मागता फार मिळतो. ताईला पहिल्याच आठवड्यात तीन गुरू भेटले आणि तिघांची मते तीन!

पाचव्या दिवशी ती पुन्हा गेली. रॉड भरलेलाच होता. शेजारी उभ्या असलेल्या तरुणाला तिने विचारले, “बाळ, तुझे अजून व्हायचे आहे का?” तो ओशाळला आणि मुकाट्याने प्लेटा उतरवू लागला. आता त्या दोघांच्या वेळा जुळतात. गेल्या आठवड्यात रिकाम्या रॉडवर अडीच-अडीच किलोच्या दोन प्लेटा चढवल्याची वार्ता सांगायला ताईने मुद्दाम फोन केला. “आणि माझ्या हातांनी उतरवून जागेवर ठेवल्या हो,” असे म्हणून ती क्षणभर थांबली. “तू ठेवतोस ना रे?”

ठेवतो, असे मी म्हणालो, आणि हल्ली ते खरेही आहे. त्या संध्याकाळची गोष्ट मात्र तिला हे पान वाचूनच कळेल.