उकिरड्याची दैना फिटली, पुढे काय?

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण अक्षरशः खरी झालेली जागा पाहायची असेल, तर दादर-परळच्या माणसाला फार लांब जायला नको. शीव-वांद्रे लिंक रोडवर, धारावी बस आगाराच्या समोर, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. आज तिथे ३७ एकरांत दाट झाडी आहे, तळे आहे, खाडीच्या बाजूला तिवरे आहेत. सत्तरच्या दशकापर्यंत मात्र इथे मुंबईचा कचरा येऊन पडत असे. नाकाला रुमाल लावल्याशिवाय या बाजूने कोणी जात नसे.

कचरा टाकणे बंद झाले आणि इथे निसर्ग उद्यान करावे अशी कल्पना पुढे आली. १९८३ साली इथले पहिले झाड लावले ते डॉ. सलीम अली यांनी. गिरगावच्या खेतवाडीत वाढलेला हा माणूस. लहानपणी पिवळ्या गळ्याची एक चिमणी हातात आली आणि तिचे नाव विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथून त्यांचे सारे आयुष्यच पाखरांचे झाले. त्या उकिरड्यावर पुढे उभे राहिलेले रान पाहायला ते राहिले नाहीत. १९८७ साली ते गेले. उद्यान लोकांसाठी खुले झाले १९९४ साली. म्हणजे रोप लावल्यापासून अकरा वर्षे. म्हणीपेक्षा एक वर्ष कमीच!

आता तिथे सकाळी गेलात, तर तांबटाची टुकटुक ऐकू येते. दयाळ गातो, खंड्या तळ्यावर टपून बसतो, एखादा भारद्वाज झुडपातून घुमतो. या पाखरांना कोणी पिंजऱ्यातून आणून सोडलेले नाही. कचऱ्यावर माती पडली, मातीत झाड रुजले, झाडाखाली पाला कुजला, पाल्यात किडे आले आणि किड्यांमागे पाखरे आली. माणसाने सुरुवात करून दिली आणि मग हात आवरता घेतला, एवढेच. न्यूयॉर्कची फ्रेश किल्स ही प्रचंड कचराभूमी २००१ साली बंद झाली आणि तिच्या अंतर्भागातला उद्यानाचा पहिला भाग २०२३ साली खुला झाला. म्हणजे या बाबतीत तरी आपण पुढारलेल्या जगाच्या पुढे होतो.

पण मला या कौतुकापेक्षा एक वेगळाच प्रश्न सतावतो. ज्या काळात इथे झाडे वाढत होती, त्याच काळात आमच्या परळ-लालबागच्या गिरण्या १९८२च्या संपानंतर एकेक करून थंडावत होत्या. त्या जमिनींसाठी १९९१ साली नियम झाला: एक तृतीयांश जागा महापालिकेला मोकळ्या मैदानांसाठी, एक तृतीयांश घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली तो बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची, असे ठरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. पोरांच्या मैदानांचा वाटा आक्रसला आणि टॉवर उभे राहिले.

दोन्ही जागा एकाच शहरातल्या. मग एकीवर रान आणि दुसरीवर टॉवर का? मला वाटते, उकिरड्याला तेव्हा गिऱ्हाईक नव्हते म्हणून तो झाडांना मिळाला. आता मात्र त्याच जागेच्या एका बाजूला वांद्रे-कुर्ला संकुल आहे आणि दुसऱ्या बाजूला धारावीचा पुनर्विकास. हे उद्यान पुनर्विकासातून वगळले आहे, असे २०२३ साली उच्च न्यायालयात सांगण्यात आले. चांगलेच झाले. पण नियम बदलायला वेळ लागत नाही, हे गिरणगावाने पाहिले आहे.

कोणी म्हणेल, माणसांना डोके टेकायला जागा नाही आणि तुम्ही पाखरांची काळजी कसली करता? प्रश्न रास्त आहे. धारावीकराला हक्काचे, हवेशीर घर मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण त्या घरात वाढणाऱ्या मुलाला पायी जाता येईल असे रान हे एकच आहे. श्रीमंताचे मूल महाबळेश्वरला जाईल. धारावीतल्या मुलाने झाड पाहायला कुठे जायचे? पाखरांची जागा राखणे म्हणजे त्याचीच जागा राखणे होय.

आपल्या हाती काय आहे? मुंबईत एखादी जागा वापरात दिसली नाही की ती रिकामी समजली जाते. तेव्हा एखाद्या रविवारी मॉलचा बेत बाजूला ठेवा, पोराबाळांना घेऊन तिथे जा, चार झाडांची नावे त्यांना विचारा आणि स्वतःही शिकून घ्या. ज्या जागेवर हजारो घरांतल्या आठवणी रुजल्या आहेत, तिच्यावर हात टाकताना कोणीही दहादा विचार करतो. उकिरड्याची दैना फिटायला अकरा वर्षे लागली. रानाची दैना व्हायला एक सही पुरते.