गळा हवा, डोकं नको!

रसिक मंडळी, रागावणार असाल तर आधीच रागावून घ्या, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

आपण सिंगापूरचे मराठी लोक गाण्यावर जीव टाकतो, याबद्दल वाद नाही. गणपती असो, कोजागिरी असो की दिवाळी पहाट, दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंज्या पडतात, तानपुऱ्याचं अ‍ॅप सुरू होतं आणि मैफल रंगते. मैफलीनंतर मसालेभाताबरोबर जी चर्चा होते, ती तर मूळ मैफलीपेक्षा लांबते. माझी तक्रार त्या चर्चेबद्दल आहे. विशेषतः गाणाऱ्या बायकांबद्दल आपण जे बोलतो त्याबद्दल.

चार वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "काय गळा दिलाय देवाने!" दुसरं, "वयाच्या मानाने अजून छान दिसते हो." तिसरं, आवाज जरा खाली आणून, "पण घरचं काही ठीक नाही म्हणे." आणि चौथं, "नाव झाल्यापासून डोक्यात हवा गेलीय." संपला विषय. हीच मंडळी पुरुष कलावंताकडे वळली की भाषा बदलते. तिथे "काय चाल बांधलीय", "त्या बंदिशीमागचा विचार बघा", "बुवा म्हणजे अवलिया माणूस". बुवा तास भर उशिरा आले तर तो अवलियापणा. बाईंनी हॉलचा पंखा बंद करायला सांगितला तर तो नखरा.

प्रसिद्धीने बाई बिघडते, असं आपण म्हणतो. मला वाटतं, तिच्या प्रसिद्धीने आपण रसिकच बिघडतो. आपण तिचा गळा डोक्यावर घेतो आणि तिचं डोकं पुसून टाकतो. माझ्या धंद्यातली उपमा द्यायची तर, स्क्रीन बघून टाळ्या वाजवतो आणि आतला प्रोग्रॅम कुणी लिहिला हे विचारतच नाही. आणि प्रोग्रॅम लिहिणारी नि स्क्रीनवर दिसणारी बाई एकच असली, तर आपला पारच गोंधळ उडतो.

गंमत म्हणजे अशा कलावंतासाठी आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वीपासून शब्द आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शारंगदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद, परका मुलूख नव्हे. त्यात 'वाग्गेयकार' सांगितला आहे. जो शब्दही रचतो आणि सूरही रचतो, तो वाग्गेयकार. इंग्रजीतल्या 'सिंगर-साँगरायटर'चं कौतुक करणाऱ्या आपल्या मुलांना हा शब्द माहीत नाही, हे समजू शकतं. आपल्याला तरी कुठे माहीत आहे? आणि माहीत असलाच, तर त्याचं स्त्रीलिंगी रूप कधी कुणाच्या तोंडून ऐकलंय?

उदाहरणं देतो, म्हणजे हवेत बोलतोय असं वाटणार नाही.

पहिलं उदाहरण लतादीदींचं. १९५० साली 'राम राम पाव्हणं' या चित्रपटाला त्यांनी स्वतःच्या नावाने संगीत दिलं. मग साठच्या दशकात भालजी पेंढारकरांच्या 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती' या चित्रपटांना 'आनंदघन' नावाच्या कुणा संगीतकाराने चाली दिल्या. हे आनंदघन म्हणजे खुद्द लता मंगेशकर. १९६५ च्या 'साधी माणसं'साठी आनंदघन यांना राज्य शासनाचं उत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. नाव पुकारलं गेलं तेव्हा दीदी जागेवरच बसून राहिल्या आणि निवेदकाने गुपित फोडल्यावर उठल्या, असा किस्सा सांगतात. आपण तो किस्सा "किती विनम्र!" म्हणून चघळतो. मला त्यात दुसरंच काही दिसतं. देशातला सर्वांत प्रसिद्ध आवाज असलेल्या बाईला संगीतकार म्हणून वावरताना टोपणनाव घ्यावंसं वाटलं. तिची कारणं तिला ठाऊक. पण आज साठ वर्षं होत आली, तरी ऐरणीच्या त्या गाण्यावर माना डोलावणाऱ्या दहा जणांना विचारा, चाल कुणाची? आठ जण "हृदयनाथ असतील" म्हणतील. आपल्या पोरांना आपण चॉकलेटच्या बंगल्याचं गाणं शिकवतो. त्याची चाल मीना खडीकरांची, हे किती आईबापांना ठाऊक आहे?

नावांचा हा खेळ जुनाच आहे. बॉम्बे टॉकीजच्या १९३६ च्या 'अछूत कन्या'ला संगीत देणाऱ्या सरस्वतीदेवी मूळच्या खुर्शीद मिनोचर-होमजी. पारशी समाजात ओरड झाली म्हणून त्यांना नाव बदलून काम करावं लागलं. उलट वासुदेव भाटकरांनी आपल्या मुलीचं नाव घेतलं आणि 'स्नेहल भाटकर' म्हणून चाली दिल्या. त्यांच्या चाली काही नाव बाईचं म्हणून कमी गोड लागल्या नाहीत. म्हणजे अडचण कानाची कधीच नव्हती.

दुसरं उदाहरण डॉ. प्रभा अत्रे यांचं. विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी, सरगमवर डॉक्टरेट, आकाशवाणीत नोकरी, एस.एन.डी.टी. विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांच्या शिष्या. अपूर्व कल्याण, मधुरकंस, तिलंग-भैरव असे राग त्यांनी बांधले. स्वतःच्या बंदिशींचे 'स्वरांगिणी' आणि 'स्वररंजनी' हे संग्रह छापले. 'स्वरमयी' लिहिलं, कविता लिहिल्या. १९९० साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण, २०२२ साली पद्मविभूषण. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी त्या गेल्या. यापेक्षा पूर्ण वाग्गेयकार तुम्हाला कुठे मिळणार? पण आपण त्यांच्याकडून काय घेतलं? एक मारुबिहाग आणि एक कलावती. त्याच दोन चिठ्ठ्या आयुष्यभर व्यासपीठावर गेल्या. आणि त्या बंदिशी गळ्याप्रमाणेच शब्दांनी आणि स्वरांनीही त्यांच्याच आहेत, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या गावीही नसतं. कुमारजींचा १९६५ चा 'अनूपरागविलास' आमच्या कितीतरी दर्दी मित्रांच्या कपाटात आहे, असावाच. त्याच कपाटात 'स्वरांगिणी' शोधा. अश्विनी भिडे-देशपांड्यांची 'रागरचनांजली' शोधा. सापडली तर मला फोन करा, मी जेवायला बोलावतो.

तिसरं उदाहरण द्यायलाच हवं, कारण चौथं वाक्य सर्वांत जास्त वेळा त्यांच्याबद्दलच ऐकलं आहे. किशोरीताई आमोणकर. 'गानसरस्वती' म्हणायचं आणि पुढच्याच श्वासात "पण बाई भयंकर लहरी" म्हणायचं, ही आपली पद्धत. आता हे खरं आहे की त्यांच्या कडक वागण्याचा आयोजकांना आणि श्रोत्यांना त्रास झाला असेल, काही वेळा विनाकारणही झाला असेल. त्यावर पांघरूण घालायची मला गरज वाटत नाही. पण त्यांनी स्वतः मुलाखतींतून काय सांगितलं ते आपण सोयिस्करपणे विसरतो. आई मोगूबाई कुर्डीकरांना आयोजकांनी कसं वागवलं, कसा प्रवास करायला लावला, कुठे उतरवलं, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. तेव्हाच त्यांनी ठरवलं की मी गाईन ती मानाने. ज्या मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळालं, त्यांची ही कथा. म्हणजे आपण ज्याला 'प्रसिद्धीचा माज' म्हणतो, तो एका मुलीने आईच्या वतीने वसूल केलेला हिशोब होता. आणि त्या 'लहरी' बाईंनी १९९० साली 'दृष्टी' चित्रपटाला संगीत दिलं, बंदिशी रचल्या, रससिद्धान्तावर 'स्वरार्थरमणी' हा ग्रंथ लिहिला. मसालेभात खाताना या ग्रंथावर चर्चा झालेली मी एकदाही ऐकली नाही. पंख्यावर मात्र दरवेळी होते.

हा रोग फक्त आपलाच आहे असंही नाही. मी परदेशात मास्टर्स करत होतो तेव्हा जोनी मिचेलची गाणी पहिल्यांदा ऐकली. शब्द तिचे, चाल तिची, गिटारच्या तारा जुळवायच्या पद्धतीही तिच्याच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'रोलिंग स्टोन' मासिकाने तिच्या गाण्यांऐवजी तिच्या प्रेमप्रकरणांचा तक्ता छापला होता. नंतर बरीच वर्षं ती त्या मासिकाशी बोलली नाही. आणि १९७४ च्या तिच्या मैफलीच्या अल्बमवर एक सुंदर टोमणा ऐकू येतो. प्रेक्षकांतून फर्माइशींचा गलका होतो तेव्हा ती हसत सुनावते की व्हॅन गॉगला कधी कुणी तेच तारांकित रात्रीचं चित्र पुन्हा काढ असं म्हटलं नव्हतं. आपल्या चिठ्ठीबहाद्दरांनी हे वाक्य पाठ करावं.

आता आक्षेप. मला ते तोंडावर ऐकवले गेले आहेत, म्हणून उत्तर देतो.

एक: "बायकांनी मुळात रचलंच किती?" अहो, जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनी जे रचलं, त्यातल्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. शब्दही बाईचे, चालही बाईची, गाणारीही तीच. बहिणाबाई तर आपल्या घरच्याच. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली, सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना वही दाखवल्यावर, त्यांचं पुस्तक निघालं. हयातीत प्रसिद्धीचा वाराही लागला नाही. म्हणून त्यांच्यावर एकही कुचकट शेरा नाही! आपल्याला रचणारी बाई चालते, फक्त ती आधी वारलेली असावी लागते.

दोन: "आम्ही पैसे मोजतो, आवडीचं मागणारच." मागा की. पण मग बाई वीस वर्षं तेच गाते, असं नाक मुरडू नका. तेच गायला लावणारे आपणच. सारेगमपच्या मुलींना दहाव्या वर्षी डोक्यावर घेतलं, परदेशच्या मंडळांनी बोलावलं, दुसऱ्यांचीच गाणी गाऊन घेतली. "बाळ, तू स्वतः काही रचतेस का?" हा प्रश्न व्यासपीठावर विचारलेला कुणाला आठवतो?

तीन: "एवढं काय मनावर घेता, गप्पाच तर आहेत." गप्पांमधूनच बाजार ठरतो, आणि या बाजाराचं टोक आता आपल्याच गावात दिसलं आहे. २०२३ साली सिंगापूरच्या स्टेफनी सनच्या आवाजाची संगणकाने हुबेहूब नक्कल केली आणि ती न गायलेली गाणी चीनमध्ये तुफान गाजली. तिने त्यावर उपरोधाने भरलेलं, थोडं उदास करणारं उत्तर लिहिलं. आशाताईंच्या आवाजाची अशी नक्कल थांबवायला २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. मी या क्षेत्रात आहे, म्हणून सांगतो, यंत्राने आपल्या मनातलीच मागणी पुरवली आहे. गळा पाहिजे, बाई नको, तिचं मत नको, तिचं दुखणं नको, पंख्याची तक्रार तर नकोच. घ्या, मिळाला नुसता गळा. जे यंत्राला अजून जमलेलं नाही, ते म्हणजे मोगूबाईंच्या पोटी जन्मून, सगळं पाहून, मग एक बंदिश बांधणं.

उलट उदाहरणही इथलंच आहे. सिंगापूरची तान्या च्वा स्वतः लिहिते, स्वतः चाली बांधते. तैवानच्या गोल्डन मेलडी पुरस्कारांत मँडरिनमधली सर्वोत्कृष्ट गायिका म्हणून तिला चार वेळा मान मिळाला, चौथ्यांदा २०२२ मध्ये. माझे चिनी सहकारी तिच्याबद्दल बोलतात तेव्हा कुठल्या अल्बममध्ये तिची रचना कशी बदलली यावर वाद घालतात. त्यांच्यातही कुजबुजणारे असतील. पण निदान ती रचते हे त्यांना माहीत आहे!

नुसती टीका करून निघून जाणं हा आपला आवडता खेळ, तो मला खेळायचा नाही. मंडळाच्या कार्यकारिणीसमोर चार सूचना ठेवतो.

आपल्या प्रत्येक कार्यक्रमात निवेदकाने गाण्याआधी गीतकार आणि संगीतकार यांचं नाव घ्यावं. दहा सेकंद लागतात. प्रायोजकांची नावं घ्यायला दहा मिनिटं लागतात, तेव्हा वेळ नाही असं कुणी म्हणू नये.

पाहुण्या कलाकाराच्या मैफलीत मध्यंतरापर्यंत एकही चिठ्ठी व्यासपीठावर जाऊ नये. तिला जे गायचं आहे ते आधी ऐकू. मध्यंतरानंतर तिची इच्छा असेल तर फर्माइशी.

पुढच्या वर्षी एक संध्याकाळ फक्त स्त्रियांनी रचलेल्या संगीताची करावी. ओव्यांपासून आनंदघनपर्यंत आणि प्रभाताईंच्या बंदिशींपर्यंत तीन तास कमीच पडतील. एस्प्लनेडच्या कला उत्सवाला आपण तिकिटं काढून जातो, त्यातला निम्मा उत्साह इथे दाखवला तरी हॉल भरेल.

आणि चौथी सूचना तुमच्या-माझ्या घरातली. आपल्या मंडळात दोन-तीन मुली स्वतः गाणी रचतात, अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. आयांना ठाऊक आहे, कार्यक्रम समितीला नाही, कारण ऑडिशनच्या फॉर्मवर 'मूळ गायक' असा रकाना आहे आणि मुलींना तो भरता येत नाही. तो रकाना काढा. फॉर्म बनवून द्यायचं काम मी फुकट करतो.